झाकणावरचे निखारे

नीराबाई लग्न होऊन श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात आली तेव्हा तिच्याबरोबर एक बिडाचं भांडं आलं. काळं, तीन बुटक्या पायांचं, आणि इतकं जड की मचव्यातून उतरवून घेणाऱ्याने विचारलं, आत नांगर भरलाय का. त्याच्या झाकणाला चहूबाजूंनी बोटभर उभा काठ होता. असं झाकण कोळीवाड्यात कुणी पाहिलेलं नव्हतं.

"हा काठ कशाला गो?" बायकांनी विचारलं.

"वर निखारे ठेवायला," नवी नवरी म्हणाली. "खालीबी जाळ, वरबी जाळ. निखारे घसरू नयेत म्हनून काठ."

ते खरं होतं. मग सासूने विचारलं, "साहेबाच्या बंगल्यावर तू काय करायचीस?" आणि नीराबाईने सांगितलं, "रांधायची." ते खरं नव्हतं.

बंगला तिच्या माहेरी, रेवसच्या बाजूला होता. मिठाच्या खात्यातला साहेब आणि त्याची अमेरिकेची मडम. मिळेल त्या फळाचा एक गोड पदार्थ मडम त्या भांड्यात करवून घेई. त्याला ती कॉब्लर म्हणे. रांधणारा इनास नावाचा ख्रिस्ती कुक होता. फळं कापणं, पीठ मळणं हे सगळं तो स्वयंपाकघराचं दार लावून करी. हाताखालच्या माणसाने शिकून आपली जागा घ्यावी अशी त्याची मुळीच इच्छा नव्हती. नीरा मागच्या अंगणात बसे. भांडं तिच्याकडे येई ते झाकण लावूनच. खाली थोडे निखारे ठेवायचे, झाकणावर जास्त. मधूनमधून भांडं एकीकडे आणि झाकण दुसरीकडे फिरवायचं, म्हणजे एकाच जागी करपत नाही. वारा असला तर सुपाचा आडोसा धरायचा. वास बदलला की इनासला हाक मारायची. तो येऊन भांडं आत नेई. ते परत येई ते घासायला. तळाला फळांचा काळपट पाक, कडेला करपलेलं पीठ. ही खरवड ती नखाने काढून तोंडात टाकी. कॉब्लर तिने खाल्ला होता तो एवढाच. तिचं लग्न ठरलं तेव्हा मडमने नवं भांडं मागवलं होतं. जुनं हिला दिलं.

सासूपुढे पहिल्याच दिवशी 'भांडी घासायची' म्हणायला तिची जीभ वळली नव्हती. एका शब्दाचं काम होतं. पण 'रांधायची' हा शब्द सासूने विहिरीवर नेला, विहिरीवरून तो बाजारात गेला, आणि पुढे नीराबाईला तो मागे घेता आला नाही. ती खरोखर चांगलं रांधे. कालवण तिच्यासारखं कुणाला जमत नसे. त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. लग्नाकार्यात चुलाणावर तिला बोलावून म्हणत, "साहेबाकडची, मीठ बघ गो जरा." ती चव घेई, मान हलवी. आणि 'ते साहेबाचं गोड कर की एकदा' असं कुणी म्हटलं की तिच्याकडे उत्तर तयार असे. लढाईच्या दिवसांत साखर मिळत नव्हती. लढाई संपली तेव्हा मैदा चांगला नव्हता. साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा ती म्हणाली, त्याला लागणारी फळंच आता येत नाहीत.

तिचा नवरा तुळशीराम याला ही सगळी उत्तरं पटत. त्याची स्वतःची होडी होती, पण चारचौघांत त्याने होडीचा मोठेपणा कधी सांगितला नाही, बायकोचा सांगितला. आणि भांड्याची काळजीही तोच घेई. पावसाआधी होडी वर ओढली की तिला मुशी माशाच्या काळजाचं तेल लावायचं असतं. ते उग्र, पिवळं तेल लाकडाला खाऱ्या पाण्यापासून वाचवतं, नांगर आणि साखळी गंजू देत नाही. होडीचं काम झालं की तळाशी उरलेलं तेल चिंधीवर घेऊन तुळशीराम घरी येई, आणि ओसरीवर बसून बायकोचं बिडाचं भांडं आतून-बाहेरून चोळी. खाऱ्या हवेत लोखंड जपायची दुसरी रीत त्याला कुणी शिकवलेली नव्हती. नीराबाई समोर बसून झाकण धरी. इनास भांड्याला गोडं तेल लावत असे, हे तिने पाहिलेलं होतं. ती बोलली नाही. त्या भांड्यात कधी काही शिजणार नाही, हे तिला एकटीला ठाऊक होतं.

अशी वर्षं गेली. अठ्ठावन्न साली त्यांच्या मुलीला, शकूला, मुरूडकडचं स्थळ आलं. मुलगा हरेश्वर, बाप नसलेला. बोलणी करायला त्याची आई केसरबाई आणि चुलता सदा असे दोघं आले. सदा कोळी आयुष्यभर परदेशी जाणाऱ्या बोटींवर खलाशी होता. त्याला गप्प बसता येत नसे. चहा होईपर्यंत त्याने घरातली प्रत्येक वस्तू बघून घेतली आणि कोपऱ्यातल्या भांड्यापाशी येऊन थांबला.

"आयला! हे इथं कसं? आमच्या बोटीच्या भटारखान्यात असलंच होतं."

"साहेबाचं हाय," तुळशीराम म्हणाला. "शकूची आय बंगल्यावर कुक होती."

"काय सांगता! मग विहीणबाई, कॉब्लर येतो का तुम्हाला?"

श्रीवर्धनला आल्यापासून तो शब्द नीराबाईने दुसऱ्याच्या तोंडून प्रथमच ऐकला. "येतो की," ती म्हणाली. तिचं लक्ष चहाच्या आधणाकडे होतं, किंवा तसं तिने दाखवलं.

"आमच्या बोटीवर रांधणाऱ्या भंडाऱ्याचा काय व्हायचा! वरचं पीठ असं फुगायचं, उशीवानी. तुम्ही किती फुगवता?"

"फळावर असतं ते."

"ते बी खरं," सदाकाका म्हणाला, पण तिच्याकडे पाहत राहिला.

तुळशीरामला राहवलं नाही. "साखरपुड्याला तोच करील ती. आंब्याचे दिवस हायेत. तुम्ही चार मानसं आना, दहा आना."

"अवो, साखरपुड्याला शिरा असतो," नीराबाई म्हणाली.

"शिरा कोनीबी करतो!"

केसरबाई हसून म्हणाली, "आमच्या सुनेची आय बंगल्यावरची, हे आमच्या लोकांनीबी बघूं दे." तिथे विषय संपला.

त्या दिवसापासून नीराबाईला जेवण गोड लागेना. तिने डोकं शांत ठेवून हिशेब मांडला. खरवड तळाला फळाची आणि कडेला पिठाची असे; म्हणजे फळ खाली, पीठ वर. फळात साखर. पिठात तूप असणार, कारण इनासच्या हाताला तुपाचा वास येई. दूध असेल. अंडं असेल किंवा नसेल. पीठ फुगायचं कसं, हे मात्र खरवडीवरून कळत नव्हतं. निखाऱ्यांचं तिला भय नव्हतं. ते ती झोपेतही करू शकली असती. कुणाला विचारावं, तर श्रीवर्धनात विचारण्यासारखं माणूस एकच होतं, साहेबाकडची, आणि ती तर ती स्वतःच होती.

एकदा भांड्यात करून बघावं, हेही तिच्या मनात आलं. पण कोळीवाड्यात भिंतीला भिंत लागलेली. शेजारची काशी रोज काही ना काही मागायला येई. पहिल्या खेपेला बिघडलेलं गोड काशीने पाहिलं असतं तर ते भरतीच्या आधी सगळ्या घरांत पोचलं असतं.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी ती बाजारातून मैदा घेऊन परत आली तेव्हा तुळशीराम ओसरीवर भांडं चोळत होता. यंदा होड्या वर यायला अवकाश होता. त्याने मुद्दाम दुसऱ्याकडून तेल मागून आणलं होतं.

"बघ, कसं चमकतंय!" तो म्हणाला. "पाव्हन्यांना दिसलं पायजे."

आताही ती बोलली नाही. तेल लावू नका म्हणावं, तर इतकी वर्षं का नाही म्हटलं, हा प्रश्न आला असता. तो बाहेर गेल्यावर तिने भांडं मागच्या दारी नेऊन घासलं. राखेने घासलं, चिंचेने घासलं, वाळू आणि नारळाच्या काथ्याने घासलं. बोटं सोलवटून निघाली. मग नाक आत घालून वास घेतला. वास आला नाही. जन्मभर मुशीच्या तेलाच्या शेजारी राहिलेल्या नाकाला तो कसा येणार, हा विचार तिला तेव्हा सुचला नाही.

पाहुणे सकाळच्या मचव्याने आले. विधी झाला, साखर वाटली गेली, शकूला साडी आणि सोन्याचे मणी मिळाले. मग केसरबाईच्या माणसांनी आणि अर्ध्या कोळीवाड्याने अंगणात मांडवाखाली बैठक जमवली. कॉब्लर सगळ्यांसमोर व्हायचा, असं तुळशीरामने आधीच जाहीर केलं होतं.

नीराबाईने आतमध्ये, दार लावून, पायरी आंब्याच्या फोडी आणि मूठभर करवंदं भांड्यात घातली, साखर पेरली, तुपात चोळून दुधात भिजवलेल्या मैद्याचा थर वर पसरला, झाकण लावलं. दार लावताना तिला इनास आठवला. त्याला लपवायला काहीतरी होतं.

अंगणात मात्र तिचे हात सरळ चालले. करवंट्यांचे निखारे तिने खाली मोजके पसरले, झाकणावर काठापर्यंत रचले. भांडं एकीकडे फिरवलं, झाकण दुसरीकडे. वाऱ्याची दिशा बघून सूप उभं केलं. बायका बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, "हात बघ कसा चालतोय." तुळशीराम हातावर हात ठेवून बसला होता; त्याचा चेहरा नवरदेवाच्या बापासारखा फुलला होता.

आधी आंब्याचा वास आला. मग तुपाचा. करवंदांची आंबटगोड वाफ झाकणाच्या फटीतून निघाली आणि पोरं जवळ सरकली. नीराबाईला क्षणभर वाटलं की होईल, कदाचित होईलच.

"आज कोन होडीला तेल लावतोय गो?" काशी म्हणाली.

दोघीतिघींनी किनाऱ्याकडे पाहिलं. "एवढ्यात कुठं? अजून होड्या पान्यात हायेत."

"मग वास कुठला?"

नीराबाईचा चिमटा हातातच राहिला. तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. तुळशीराम भांड्याकडे बघत होता. त्याच्याही लक्षात आलं होतं. बीड तापल्यावर इतक्या वर्षांचं आत मुरलेलं तेल बाहेर येत होतं, आणि राखेने, चिंचेने त्याला काही झालं नव्हतं.

झाकण उचलावंच लागलं. उचललं तशी वाफ निघाली, आणि अंगणातल्या सगळ्यांना एकाच वेळी पावसाआधीचा किनारा आठवला. जन्मभर माशांच्या पाट्या डोक्यावर वाहिलेल्या केसरबाईने पदर नाकाला लावला.

सदाकाका वाकून बघून म्हणाला, "विहीणबाई, आत आंबा घातलात का होडी?"

हशा झाला. पोरं नाक धरून नाचू लागली. नीराबाईच्या कानात काही शिरत नव्हतं. तिला दिसत होता तो फक्त पिठाचा थर. तो फुगलेला नव्हता. सपाट, पांढुरका, चिरा पडलेला, पायवाटेवर सुकलेल्या चिखलासारखा. सदाकाकाने त्यावर नखाने टकटक केली. वास नसता तर सगळ्यांनी हेच पाहिलं असतं.

तुळशीराम उभा राहिला.

"तेल मी लावलंय," तो म्हणाला. "मुशीचं. दर साल लावतो. गंजू नये म्हनून. कालबी लावलं. तिचा काय दोष न्हाय."

"खायच्या भांड्याला?" केसरबाईबरोबरची एक म्हातारी ओरडली.

"मला काय ठाऊक! मी लोखंड बघितलं."

"अरे तेल्या!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा भांड्यावरून उठून तुळशीरामवर गेला. "तेल्या, बायकोलाबी लावतोस का पावसाआधी?" "तेल्या, जावयाला लावू नकोस रे, बुळबुळीत होईल!" तोही हसायचा प्रयत्न करत होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

नीराबाईला त्या घटकेला एवढंच कळलं की आपण सुटलो. गोड बिघडलं ते तेलाने. आत काय घातलं होतं, ते पीठ का फुगलं नाही, हे आता कुणी कधी विचारणार नाही. आणि तिच्या तोंडून शब्द बाहेर पडले.

"मी ह्यांना हजारदा सांगितलंय, माझ्या भांड्याला हात लावू नका म्हनून!"

तुळशीरामने तिच्याकडे पाहिलं. मग तो खाली बसला.

"जाऊं दे, विहीणबाई," केसरबाई म्हणाली. "बाप्याचं डोकं ते. आपन शिरा खाऊ." काशीने घाईघाईने रवा भाजायला घेतला. लोकांनी शिरा खाल्ला आणि तो चांगला झाला होता. लग्नाची तिथी ठरली. ज्या कामासाठी मंडळी जमली होती ते पार पडलं. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

निघताना सदाकाका पान मागायला स्वयंपाकघराच्या दारात आला. आत नीराबाई एकटी होती. त्याने आवाज खाली आणला, दिवसभरात पहिल्यांदाच.

"विहीणबाई, पिठात सोडा घालतात. भज्याला घालता तोच. तो न्हाय घातला तर फुगत न्हाय." पान घेऊन त्याने चुना लावला. "तेलाने वास येतो. पीठ बसत न्हाय. मी कोनाला बोलनार न्हाय, पोरीचा संसार हाय. पर त्या बिचाऱ्याला हसलो मी, ते मला आता बरं वाटत न्हाय."

तिने पानाचा डबा बंद केला. तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून तुळशीरामचं नाव तेल्या झालं. कोळीवाड्यात नाव पडायला वेळ लागत नाही आणि पडलेलं निघत नाही. जाळं ओढताना, मासळी उतरवताना, चहाच्या दुकानात, सगळीकडे तेल्या. त्यात राग नव्हता, गंमत होती. तो 'हं' म्हणे. घरात मात्र तो बोलायचा थांबला होता. नीराबाईने वाढलं की खाली मान घालून जेवे, आणि एकदा ताट सरकवून म्हणाला, "एवढी वर्सं सांभाळलेलं भांडं तुझं, मी वाटोळं केलं."

शकूने एका दुपारी सांगितलं, "आये, बाबा किनाऱ्यावर एकटाच जाळ करून बसलाय. चल बघ."

नीराबाई गेली. होडीच्या सावलीत तुळशीरामने वाहून आलेल्या लाकडांची मोठी आगटी पेटवली होती आणि तिच्यात भांडं उपडं घातलं होतं. बीड लाल झालं होतं. त्यातून निघणारा धूर आता नुसत्या लाकडाचा होता.

"वास गेला बघ," तो म्हणाला. "सगळं तेल जळालं. बोर्लीला एक लोहार भेटला, त्यानं सांगितलं असं करायला." त्याने होडीच्या फळीवर ठेवलेली पुडी उचलून तिच्यापुढे धरली. "मैदाबी आनलाय तिथनं. बारीक हाय. आता कर. मी मुरूडला जाऊन सदाला घेऊन येतो. सगळ्यांना परत बोलवू. माझं नाव पडलं ते पडलं, तुझं कशाला जावं?"

नीराबाईने पुडी घेतली नाही.

"मला येत न्हाय," ती म्हणाली.

"काय येत न्हाय?"

"कॉब्लर. मी तिथं रांधत न्हवती. इनास रांधायचा. मी मागं बसून निखारे ठेवायची आनि भांडी घासायची. आत काय असतं ते मी कधी बघितलं न्हाय. फक्त खरवड खाल्ली."

तुळशीरामने काठीने एक लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "लगनाच्या आधीपासनं?"

"पहिल्या दिवसापासनं."

"बरं. कुक न्हवतीस तर न्हवतीस. मी काय कुकाशी लगीन केलं न्हवतं." त्याने पुडी परत फळीवर ठेवली. "पर ते का म्हनलीस?"

"काय?"

"हजारदा सांगितलं म्हनून. तू झाकन धरायचीस. दर साल. समोर बसून. तूच धरायचीस ना?"

"व्हय."

"मग का म्हनलीस?"

तिला उत्तर द्यायचं होतं. भीती वाटली म्हणून, लाज वाटली म्हणून, असं काहीतरी. पण त्या अंगणात उभा राहून त्याने जे केलं होतं, त्याच्यापुढे ते शब्द ठेवायची तिला हिंमत झाली नाही. मग तो म्हणाला, "भांडं थंड व्हायला टाइम लागेल. तू जा घरी. ऊन हाय."

दुसऱ्या सकाळी जवळा वाळत घालायच्या जागी सगळ्या बायका होत्या. वाळूवर जाळी अंथरून त्यावर जवळा पसरत होत्या, आणि नेहमीसारखी काशी म्हणाली, "काय गो, तेल्या गेला का दर्यात?"

नीराबाईने पाटी खाली ठेवली. "ऐका," ती म्हणाली. "त्याला तेल्या म्हनू नका. दोष माझा हाय. मी साहेबाकडे कुक न्हवती. भांडी घासायला होती. मला ते गोड येतच न्हाय. तेल लावताना मीच झाकन धरायची, मी त्याला कधी काय सांगितलं न्हाय. मी खोटं बोलली."

बायकांचे हात थांबले. नीराबाई वाट बघत होती. कुणी हसेल, कुणी थुंकेल, कुणी साहेबाकडची म्हणून चिडवेल. काहीही चाललं असतं.

वेणूबाई, त्या सगळ्यांत वडीलधारी, तिने हातातला जवळा झटकला आणि डोळ्याला पदर लावला. "बघा ग," ती म्हणाली. "नवऱ्याचं नाव पुसायला बाई स्वतःला भांडीवाली म्हनवून घेते. माझ्या नवऱ्याचं असं झालं असतं तर मी वरनं आनकी दोन नावं ठेवली असती."

"वेणूमावशी, खरं सांगते मी. त्या पिठात सोडा घालायचा असतो, तेबी मला ठाऊक न्हवतं!"

"सोडा घालायचा असतो हे तूच सांगतेस," काशी म्हणाली, "आनि वर म्हनतेस ठाऊक न्हाय! गप गो. आमी काय तुला आज बघतोय? त्या दिवशी निखाऱ्यावर हात कसा चालत होता ते आमी डोळ्यांनी बघितलं. कुकाशिवाय कोनाचा चालेल तसा?"

"मी निखारेच ठेवायची!"

"बरं, बरं. ठेवायचीस." काशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "किती माया करशील नवऱ्यावर!"

नीराबाईने आणखी सांगून पाहिलं. इनासचं नाव सांगितलं, बंद दार सांगितलं, खरवड सांगितली. जितकं सांगितलं तितक्या त्या हळव्या झाल्या. शेवटी तिने पाटी उचलली आणि जवळा पसरू लागली.

त्या दिवसानंतर कोळीवाड्यात तिचा मान वाढला. शकूच्या लग्नात चुलाणावर तिला पाटावर बसवून बायका म्हणाल्या, तुम्ही नुसतं सांगा. केसरबाईने चारचौघींत सांगितलं की विहीण असावी तर अशी. सदाकाका तिथेच उभा होता. तो दुसरीकडे बघत होता. नीराबाईही.

होडी वर ओढली गेली. तुळशीरामने तिला तेल लावलं, हात वाळूने घासले, आणि यंदा चिंधी तिथेच जाळून रिकाम्या हाताने घरी आला. चुलीवर बिडाचं भांडं होतं. झाकण नुसतं ठेवलेलं, त्यावर निखारे नव्हते. आत बोंबलाचं कालवण रटरटत होतं.

"ह्यात?" त्याने विचारलं.

"ह्यातच. आता रोज ह्यातच."

तो पाटावर बसला. तिने वाढलं. त्याने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि काही दिवसांपूर्वी नुसतं 'चांगलं झालंय' म्हणून जो संपवला असता, तो घास तो विचार करत चावत होता. "मीठ थोडं कमी हाय," तो म्हणाला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने तिच्या रांधण्याला पहिल्यांदाच नाव ठेवलं होतं. तिने मिठाचं भांडं पुढे सरकवलं.

बाहेरून कुणीतरी हाक मारली, "तेल्या हाय का घरात?"

नीराबाईने मान खाली घातली.

"हाय," तुळशीराम म्हणाला. "जेवतोय."